लाल पट्ट्याचा कॅमेरा

माझ्या आप्पांनी आयुष्यात एकाही नवरीच्या गालावर पुटकुळी राहू दिलेली नाही. विसरवाडीच्या हायवेवर, बस थांबते तिथे समोरच त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, मागे आमचं घर. धानोऱ्याची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून ते ऐन तारुण्यात इथे आले आणि तेव्हापासून लोकांचे चेहरे पुसताहेत. आधी ब्रशने पुसायचे, आता माउसने पुसतात. तीळ, व्रण, देवीचे खड्डे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, काही म्हणून सोडत नाहीत. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझी हनुवटीवरची लहानपणची खूण नाही. सासूबाईंनी अल्बम पाहून विचारलं होतं, ही बहीण का तुझी?

या उद्योगात त्यांना एक भागीदार आहेत. त्यांना मी कळायला लागल्यापासून काका म्हणते. नवापूरकडच्या डोंगरातलं कोकणी आदिवासी ख्रिस्ती घर, घरची भाताची शेती, आणि बोलणं इतकं हळू की गिऱ्हाईक आपोआप जवळ सरकून बसतं. आप्पा बोलतात ते समोरच्या ट्रकवाल्यालाही ऐकू जातं. लग्नांचे फोटो दोघंही काढतात, पण एक नियम पहिल्यापासून पाळतात: ज्याने काढला त्यानेच तो पुसायचा. दुसऱ्याच्या फोटोला हात लावायचा नाही.

मी स्वतः एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करते. समोर आलेला फोटो नेमक्या कोणत्या कॅमेऱ्यातून निघाला ते शोधणं, हे माझं काम. आप्पा गावात सांगतात, पोरगी पोलिसांकडे फोटोग्राफर आहे. मी फोटो काढत नाही, नुसते तपासते, हे त्यांना सांगून झालंय. त्यावर त्यांचा चेहरा असा होतो, जणू मुलगी हलवायाच्या दुकानात कामाला आहे पण तिला जिलबी येत नाही.

तर मे महिन्यात त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"सुट्टी काढ. घरमा चोरी व्हयनी."

"काय चोरीला गेलं?"

"फोटो."

मागून मायचा आवाज आला, "दोन्ही येडा व्हई गयात, तू ये."

प्रकरण असं होतं. होळीला दोघं मिळून डोंगरातल्या काठी गावाला, तिथली आदिवासींची होळी टिपायला गेले होते. ते दरवर्षी जातात. पहाटे होळी पेटते, रात्रभर नाचलेली माणसं उजाडताना जरा टेकतात, आणि खरे फोटो तेव्हाच मिळतात असं दोघांचंही मत आहे. त्यातला एक फोटो खरोखरच फार सुंदर आला होता. अंगभर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरू, मोरपिसांचा उंच टोप काढून मांडीवर ठेवलेला, आणि तो दमलेला नाचणारा बशीतून चहा पितोय. डोळे मिटलेले. मागे निवत आलेली होळी आणि फिकट निळं आकाश. नंदुरबारला फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात हा फोटो निवडला गेला. आयोजकांनी विचारलं, खाली नाव कोणाचं टाकू?

आप्पा म्हणाले माझं. काका म्हणाले माझं.

दोघांचे कॅमेरे एकाच मॉडेलचे, सुरतेहून एकाच दिवशी आणलेले. काठीहून आल्यावर दोन्ही कार्डं दुकानातल्या एकाच कम्प्युटरवर, एकाच फोल्डरमध्ये ओतलेली. पुढे लग्नसराई सुरू झाली, जागा कमी पडली म्हणून फोल्डर उडवलं, कार्डं पुसली. उरला तो एकच साफसूफ केलेला फोटो. कॅमेरा एरवी फोटोच्या पोटात आपला नंबर, वेळ, तारीख लिहून ठेवतो. पण आमच्या दुकानात फाइल हलकी व्हावी म्हणून तेही काढून टाकायची पद्धत आहे. सुरतेची बिलं वाळवीने केव्हाच खाल्लेली, आणि कॅमेऱ्यांच्या बुडाशी जिथे नंबर असतो तिथे दोघांनी स्टुडिओचं स्टिकर चिकटवून ठेवलेलं. आमच्या प्रयोगशाळेत येणारे गुन्हेगारसुद्धा इतक्या निगुतीने पुरावा नष्ट करत नाहीत.

मी पोचले तेव्हा दुकानात प्लायवूडचे तक्ते भिंतीला टेकून उभे होते. मी विचारलं, हे कशाला? मायने सांगितलं. प्रदर्शनात ज्याचं नाव लागणार नाही, तो दुकानात मधोमध भिंत घालून वेगळा होणार होता. सुताराला रविवार दिला होता. दोन दरवाजे, दोन पाट्या, आणि समोरच्या टपरीवरून चहाही दोन वेगवेगळ्या पोऱ्यांकडून.

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. काका टेबलाच्या त्या टोकाला पाठ करून बसले होते. मी आले की ते उठून डोक्यावर हात ठेवतात. त्या दिवशी त्यांनी बसल्याबसल्या नुसती मान हलवली. मला फार वाईट वाटलं. या दोघांच्या मधल्या बाकड्यावर मी अक्षरं गिरवली आहेत, आणि तिथेच आता भिंत येणार होती.

"सोप्पं शे," आप्पा म्हणाले. "फोटो मन्हा शे. त्याना खटाराले असा फोटो जमस का कधी? तू फक्त तुन्हा मशीनमा घाल अन् सांग त्याले."

"भाऊले सांग," काका भिंतीकडे पाहत म्हणाले, "पहिला दिन कम्प्युटरवर तो फोटो मी दखा व्हता. त्यामा मन्हा डाग व्हता."

डागाची गोष्ट मला माहीत होती. काकांच्या कॅमेऱ्यात वर डाव्या कोपऱ्यात एक कण बिघडलेला आहे. प्रत्येक फोटोत तिथे एक बारीक लालसर ठिपका येतो. काका वर्षानुवर्षं तो ठिपका पुसत आलेत, आणि आप्पा त्यावरून त्यांना चिडवत आलेत.

"कसाना डाग?" आप्पा म्हणाले. "फोटोमा डागबीग काहीच नही. दखी ले."

खरंच नव्हता. फोटोचं ते आकाश आरशासारखं स्वच्छ होतं. फक्त आप्पा हे म्हणताना गल्ल्यातली नाणी नीट लावत होते. गल्ला उघडा पडला तरी एरवी ते लावत नाहीत.

"पण काका," मी म्हटलं, "तुमचा डाग तर गेला म्हणाला होतात."

"गया ना. दसराले गया." काका पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "तुन्हा आप्पानी पूजा करी, नारळ फोडा, अन् दुसरा दिनपाईन डाग गायब. होळीनी झळ लागनी त्यामुळे एक डाव परत उना व्हई."

दसऱ्याला आमच्या घरी दोन्ही कॅमेरे एकाच पाटावर मांडले जातात. हळदीकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. काकाही आपला कॅमेरा आणतात. ते हात जोडत नाहीत, पण नारळाचं खोबरं खातात आणि म्हणतात, देव तुमचा असो की आमचा, लेन्सला बुरशी लागू नये. गेल्या दसऱ्यानंतर डाग गेला तेव्हा त्यांनी आप्पांना एक अख्खा नारळ आणून दिला होता. चर्चमध्येही सांगितलं असेल का, हे मी अजून विचारलेलं नाही.

मी कामाला लागले. ऑफिसची यंत्रं अशा घरगुती भांडणासाठी नसतात, म्हणून माझाच लॅपटॉप, आणि त्यावर एक फुकट मिळणारा प्रोग्राम. दोघांना समोर बसवून मी समजावलं. कॅमेऱ्याच्या आत जिथे उजेड पडतो तिथे लाखो बारीक कण असतात. एकाच दिवशी पेरलेल्या कापसाच्या शेतात जशी दोन झाडं सारख्या उंचीची नसतात, तसे हे कण. एखादा उजेड किंचित जास्त खातो, एखादा किंचित कमी. ही खोड कॅमेऱ्याला जन्मतः लागते आणि त्याच्या प्रत्येक फोटोत उतरते. डोळ्याला दिसत नाही. पण कोऱ्या फोटोंची चळत एकावर एक ठेवून सरासरी काढली की फक्त ती खोड उरते. ती वादातल्या फोटोशी ताडून पाहायची. जुळली की कॅमेरा सापडला. काकांचा डाग पुसता येतो, ही खोड पुसता येत नाही.

"म्हनजे कॅमेरा त्याना दोषवरथून वळखाना?" आप्पांना हे काही रुचलं नाही.

"हो. म्हणून मला कोरे फोटो काढून द्या. पांढरी भिंत, फोकस न करता. पन्नासेक."

"रिकामा फोटो? फोटोमा कोनीच नही ते मंग फोटो कसाना?"

काकांनीही मान डोलावली. आठवड्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध.

दुपारी आप्पांनी मला त्यांचे फोटो दिले. पहिल्या दहांत भिंतीपुढे माय उभी होती. पुढच्यांत मायने उभं राहायला नकार दिल्यामुळे झेंडूची कुंडी होती. कुंडीला दिवाही दाखवला होता. आणि सगळे फोटो सवयीप्रमाणे गुळगुळीत करून, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकून. गुळगुळीत करणं म्हणजे मला हवी असलेली खोडच घासून काढणं. काकांचे फोटो भिंतीचेच होते, पण भिंतीचा पोपडा त्यांनी नीट करून टाकला होता. मी दोघांचेही कॅमेरे जप्त केले. आप्पांचा लाल पट्ट्याचा, काकांचा काळ्या पट्ट्याचा. मागच्या पडवीत जाऊन भिंतीचे फोटो मीच काढले आणि लॅपटॉप मायच्या स्वयंपाकघरात नेला. दुकानात बसून चाललं नसतं. दोघंही आळीपाळीने पडद्यात डोकावून माझ्या तोंडावरचे भाव वाचत होते.

प्रदर्शनाच्या फोटोवरही आप्पांचा हात फिरलेला होता. नाचणाऱ्याच्या अंगावरचे ठिपके तर त्यांच्या सॉफ्टवेअरने मुरूम समजून निम्मे खाल्ले होते. पण कडेची होळी आणि आकाशाचा बराच भाग शाबूत होता. तेवढा पुरला. आकडे आले. फोटो लाल पट्ट्याच्या कॅमेऱ्याशी जुळला, आणि चांगलाच जुळला. काळ्या पट्ट्याच्या कॅमेऱ्याशी काहीच नातं नाही.

म्हणजे आप्पा जिंकले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला ते प्लायवूडचे तक्ते दिसले.

ऑफिसात अशा वेळी एक नियम असतो. निकाल सांगण्याआधी, ज्याबद्दल शंकाच नाही असा एखादा फोटो घालून आपली पद्धत बरोबर चालतेय ना, हे पाहायचं. मी माझ्या लग्नातले फोटो घेतले. त्यांचे मूळ फोटो आप्पांनी पेटीत जपून ठेवलेत. ते आप्पांनीच काढले आहेत. कन्यादान सोडून उठून जाऊन काढले आहेत, ते मी जन्मात विसरणार नाही. ते घातले.

ते काळ्या पट्ट्याच्या कॅमेऱ्याशी जुळले.

मी म्हटलं, चुकलं माझं. चहा केला, पुन्हा घातले. पुन्हा तेच. मग काकांनी काढलेले जुने फोटो मागवले, दोन वर्षांपूर्वीच्या नाताळातल्या त्यांच्या नातीचे. ते लाल पट्ट्याच्या कॅमेऱ्यातून निघाले होते, आणि वर डाव्या कोपऱ्यात, घाईत पुसायचा राहून गेलेला तो लालसर ठिपका होता.

मी दोन्ही कॅमेरे ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले; पट्टे कधीतरी धुतलेले दिसत होते. मग मायला विचारलं, "दसऱ्याला हे पट्टे कोणी धुतले?"

"मीच धोयात. केवढा मळेल व्हतात. साबन लाई लाई धोयात."

"आणि परत कोणी बसवले?"

"मीच बसाडात." मायने पोळी उलटली. "का? सैल बसनात का?"

मी मायला मिठी मारली. तिला वाटलं, पट्टे फार छान धुतले म्हणून.

दुकानात गेले तर दोघं आपापल्या टोकाला बसलेले, मध्ये रिकामं बाकडं. मी उभी राहूनच सांगितलं.

"फोटो लाल पट्ट्याच्या कॅमेऱ्याने काढलाय."

"दख!" आप्पा उठले. आवाज ट्रकवाल्यांपर्यंत गेला. "सांगं व्हतं मी!"

काकांनी टेबलावरचा आपला चष्मा घेऊन हळूच खिशात ठेवला, जसा माणूस निघताना ठेवतो. तेव्हा मला एका दमात सगळं सांगून टाकावं लागलं.

"आप्पा, बसा. लाल पट्ट्याचा कॅमेरा तुमचा नाहीच. तो काकांचा आहे. दसऱ्याला मायने पट्टे धुऊन उलटे बसवले. तेव्हापासून तुम्ही काकांच्या कॅमेऱ्याने फोटो काढताय आणि काका तुमच्या."

बाहेर सुरतेची बस लागली, माणसं उतरली, बस गेली. दोघंही माझ्याकडे पाहत होते. मग काका वळून आप्पांकडे पाहू लागले.

"भाऊ," ते म्हणाले, "मन्हा डाग तुन्हाकडे उना व्हता का?"

आप्पांनी गल्ला उघडला, बंद केला. माझ्या आप्पांना एखादी गोष्ट कबूल करताना मी फार कमी वेळा पाहिलंय, आणि त्यातल्या बहुतेक वेळा डॉक्टर समोर होता.

"दसरापाईन येस," ते इतक्या बारीक आवाजात म्हणाले की काकांनाच पुढे सरकावं लागलं. "रोज पुसस मी. माले वाटनं, मन्हा कॅमेराले नजर लागनी. तुले कसं सांगू? जिंदगीभर तुले डागवरथून हासनू मी."

"त्या होळीना फोटोमा?"

"व्हता. रातलेच पुसा."

म्हणजे काकांना डाग दिसला होता तो खरा होता. कॅमेरा त्यांचाच होता. आणि आप्पांनी फोटो काढला होता तोही खरा होता. बोट त्यांचंच होतं. आणि ज्याला आप्पा इतकी वर्षं खटारा म्हणत आले, त्याच खटाऱ्याने त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो काढून दिला होता. हे मी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती, त्यांचे कान लाल झाले होते.

काकांनी बोटांवर हिशेब लावला. मग म्हणाले, "म्हनजे मन्हा नारळ फुकट गया?"

आणि आप्पा हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. काका हसताना आवाज करत नाहीत, नुसते खांदे हलतात. खांदे हलत होते आणि ते डोळे पुसत होते. ते उठून मधल्या बाकड्यावर येऊन बसले. चहा आला, एकाच पोऱ्याकडून.

पुढचं भांडण उलट्या बाजूने झालं. आप्पा म्हणाले, कॅमेरा तुझा, नाव तुझं. काका म्हणाले, बोट तुझं, नाव तुझं. आयोजकांचा फोन आला तेव्हा आप्पांनी त्यांच्या खास शाळेच्या मराठीत काकांचं नाव सांगितलं, काकांनी फोन ओढून घेऊन आप्पांचं सांगितलं, आणि आयोजकांनी कंटाळून दोन्ही लिहून घेतली.

मी पट्टे काढून जागच्या जागी बसवायला घेतले. आप्पांनी लाल पट्ट्याचा कॅमेरा छातीशी धरला.

"ऱ्हाऊ दे. आते हात बसी गया यान्हावर."

काकांनीही काळा पट्टा सोडला नाही. मायला सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, पट्टे इतके मळवायला सांगितलं कोणी होतं, आणि तक्त्यांकडे बोट दाखवून सुताराला भांड्यांची मांडणी करायला सांग, असं फर्मावलं. रविवारी सुतार येऊन मांडणी करून गेला.

प्रदर्शनासाठी फोटो मोठा छापायचा होता. आदल्या संध्याकाळी काका कम्प्युटरवर बसले. आप्पांनी खाल्लेले नाचणाऱ्याच्या अंगावरचे ठिपके त्यांनी शक्य तेवढे परत आणले. मग आकाशाचा डावा कोपरा मोठा केला, सगळ्यात बारीक ब्रश घेतला, लालसर रंग निवडला. दुसऱ्याच्या फोटोला हात न लावायचा नियम त्या दिवशी दोघांनीही विचारात घेतला नाही.

"काका," मी म्हटलं, "याला आमच्याकडे छेडछाड म्हणतात. गुन्हा आहे."

"बठ्ठी जिंदगी डाग पुसामा गयी, बेटा," काका म्हणाले. "आते एक लावू दे."

मी आप्पांकडे पाहिलं. नवरीच्या गालावर मोहरीएवढी पुटकुळी न सोडणारा माणूस पडद्याला नाक लावून उभा होता.

"जरासा वर," ते म्हणाले. "अजून वर. तठेच व्हता. मी रोज पुसस, माले ठावं शे."

प्रदर्शनात गर्दी बरी होती. फोटोपुढे एक बाई थांबल्या, बशीतून चहा पिणाऱ्या त्या माणसाकडे पाहून हसल्या. मग पुढे वाकल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि काचेवरचा तो लालसर ठिपका पुसू लागल्या.

"काचवर काही तरी लागेल शे भाऊ," त्या मागे उभ्या असलेल्या दोघांना म्हणाल्या.

"काचवर नही, बहिन," आप्पा म्हणाले. "फोटोमा शे."

"आमनाच शे," काका म्हणाले.

बाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी पुन्हा एकदा नीट पुसून पाहिलं.